धुराड्यापाशी रस्सा

कुणी विश्वास ठेवणार नाही, पण आयडाहोच्या या डोंगरात राहायला आलो, त्या पहिल्याच हिवाळ्यात मी स्वतःच्या घराच्या छतावरून स्नोमोबाईल नेली. बर्फच तेवढा होता. खालून हरणाच्या रश्श्याचा वास आला, म्हणून धुराड्यापाशी थांबलो. बायकोने खालूनच धुराड्यातून पळीने रस्सा वर दिला. गरम होता.

"पळी केवढी लांब होती रे, म्हाताऱ्या?" पलीकडच्या टेबलावरून ड्वेन ओरडला. सगळी खानावळ हसली.

"स्कीची काठी बांधली होती तिला," मी म्हणालो.

माझी बायको व्हर्ना शेजारीच बसली होती. फक्त ती हसली नाही.



"डॅरल, छताचं राहू दे, पळीचंही राहू दे. तो अख्खा हिवाळा मी माहेरी होते, बर्फ वितळल्यावर इथे आले. रस्सा कुणी केला होता?"