सुटं डोकं

एका रोमन सम्राटाच्या पत्रांतून आणि हुकुमांतून घडवलेलं यंत्र अकरा वर्षं गावाचा कारभार बघत होतं. त्याच्यामुळे घरोघरी चोवीस तास पाणी आलं, म्हणून लोकांना चौकात सम्राटाचा पुतळा हवा होता. मूर्तिकार दिनकर पांचाळ त्याची पसंती विचारायला नगरपालिकेत आले.

"डोकं सुटं घडवा," यंत्र म्हणालं. "काढता-बसवता येईल असं."

"का, महाराज?"

"रोममध्ये सत्ता बदलली की आम्ही धड तेच ठेवायचो, डोकं तेवढं बदलायचो. दगड वाया जात नसे."

पांचाळांनी मान खाली घातली. यंत्र बंद करायचा ठराव उद्या येणार होता, आणि नगराध्यक्ष विश्वासराव सकाळीच आपल्या चेहऱ्याची मापं देऊन गेले होते.