सहा फुटांचा हट्ट

"स्विमिंग पूलभोवती तीन फुटांची काँक्रीटची पट्टी पुरे झाली," डेल्बर्ट तिसऱ्यांदा म्हणाला. कंत्राटदाराशी घासाघीस करून त्याने खर्च कसाबसा नऊ हजार डॉलरवर आणला होता. आणि बायको, नोरीन, सहा फुटांवर अडून बसली होती. वर तिला अंगणात उतरायला पायऱ्याही नको होत्या, उतार हवा होता.

"अगं, तुला पोहायचंय की मोटार फिरवायचीय?" तो भडकला. "वरचे सात हजार काय झाडाला लागलेत?"

"व्हीलचेअर वळवायला तेवढी जागा लागते."

"कुणाची व्हीलचेअर?"

नोरीनने त्याच्या पायांकडे पाहिलं. मापं घ्यायला आलेला कंत्राटदार उगाचच टेप गुंडाळू लागला.

डॉक्टर काय म्हणाले, ते डेल्बर्टने अजून घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.