ओला किराणा

“बाबा, विचारलं तर किराणा म्हणा,” मुलगी गाड्यांच्या शोरूमच्या काचेच्या दारातच कुजबुजली. आत बसलेला विक्रेता कॉलेजात तिच्याच वर्गात होता. तो इथे काम करतो हे ठाऊक असते, तर तिने वडिलांना दुसरीकडे नेले असते.

वडिलांनी तिच्याकडे एकवार पाहिले. पहाटे हॉटेलांमागून खरकट्याची पिंपे भरून आणायची, शिजवायची आणि डुकरांना घालायची, हा त्यांचा धंदा. जुन्या पिकअपचा लाकडी तळ त्या ओलीने कुजून गेला होता.

“माल कसला असतो, काका?” विक्रेत्याने खुर्ची पुढे सरकवत विचारले.

“किराणा,” वडील म्हणाले.

“मग पेट्रोलचं लहान इंजिन भरपूर झालं. साखर, डाळी, खोकी. आरामात ओढेल.”

“दुकान चढावर आहे.”

“थोडा चढ चालतो हो.”

“थोडा नाही. शिवाय तेलाची पिंपं असतात, काठोकाठ. वळणावर आतलं हिंदकळलं की गाडी एका अंगाला जाते.”

विक्रेत्याने भुवया उंचावल्या आणि संगणकावर डिझेलचे मोठे इंजिन निवडले. गाडीच्या मागच्या हौद्याला त्याने लाकडी फळ्या सुचवल्या. त्यांवर खोकी घसरत नाहीत.

“पाणी मारून धुता येतील?”

“फळ्या? धुवायच्या कशाला?”

“सांडतं ना. तेल, मध. झाकणं निसटतात. मग वास धरतो.”

“फारच ओला किराणा आहे तुमचा, काका!” विक्रेता मनापासून हसला. मुलगीही हसली. ते हसणे तिच्याच कानांना खुपले.

“तसा लोखंडी तळ येतो,” तो म्हणाला, “मागे उतार आणि पाणी जायला भोक असलेला. पण तो कचरेवाले घेतात. तुमच्या दुकानाला शोभणार नाही. काय गं?”

गेले कित्येक दिवस वडील जेवताना त्या भोकाबद्दलच बोलत होते. एक बादली ओतली की काम संपले. रोज वाकून खरवडायला नको. बोलता बोलता ते ताटाजवळच हाताने उतार करून दाखवत.

आता तेच हात त्यांनी मांडीवर ठेवले होते.

“शोभणार नाही, खरंय,” ते म्हणाले. “लाकडीच टाका.”

“पक्कं करू? एकदा ऑर्डर गेली की मग बदल होत नाही.”

“करा.”

“नको,” मुलगी म्हणाली. तिचा आवाज चिरकला. “लोखंडी टाक. आमची डुकरं आहेत. हॉटेलांतलं खरकटं आणतो आम्ही.”

विक्रेत्याचे बोट कीबोर्डवर थबकले. क्षणभराने त्याने फळ्या काढून टाकल्या आणि लोखंडी तळ निवडला.

“आधीच सांगायचं ना, काका! मी आपला साखर-डाळी करत बसलो.”

मुलीने तोंड उघडले. पण वडील तिच्याआधीच बोलले.

“चुकलं माझं. लाज वाटली मला.”

“त्यात लाज कसली?” विक्रेत्याने टेबलावरून वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “कष्टाचं खाता तुम्ही. हिच्याकडे बघा, कसं ताठ मानेनं सांगितलं हिनं.”

वडिलांनी मान डोलावली आणि त्याने सांगितल्याप्रमाणे कौतुकाने तिच्याकडे पाहिले.