लाखाचं देज

१९२३ साली मुंबईच्या गोदीत एका खलाशानं शुक्राला विडीच्या बंडलाच्या बदल्यात लाख मार्कांची जर्मन नोट दिली. रुपयाला कोट्यवधी मार्क पडतात, हे शुक्राला ठाऊक होतं. कशेळ्याजवळच्या वाडीवर कुणाला कळणार! कोंडीशी लग्न ठरताच मुलीच्या घरी द्यायचं देज म्हणून त्यानं तीच नोट तिच्या आईच्या हातावर ठेवली.

"लाख हायेत, मामी. मोजायचं काम नाय!"

चिंधीमामीनं नोट कनवटीला लावली. लग्न लागलं आणि शुक्रा मिशीतल्या मिशीत हसत नवरीला घेऊन निघाला.


"जावयबापू," मामी मागून म्हणाली, "पोर नांदली नाय तर आमच्यात देज परत करावं लागतं, म्हणून कर्जतच्या सराफानं कवडीमोलाची सांगितली तरी ठेवून घेतली नोट, कोंडीला आता कवाबी माघारी येता येईल."