फुटलेल्या कुप्या

माकडतापावरच्या संशोधनासाठी दोन दिवस गावात आजाऱ्यांचं रक्त गोळा करून नर्स रोहिणी काजूच्या बागेतून जीपकडे निघाली, तेव्हा बाबल गावडे दांडका घेऊन समोर उभा ठाकला. मागे पंधरा-वीस माणसं होती.

"तुमी रगात काढलात म्हणान माजी बायल मेली!"

पहिल्याच तडाख्यात तिचं मनगट मोडलं. दुसरा तोंडावर बसला. हातातली पेटी दगडावर आपटली आणि रक्ताच्या कुप्या फुटून काचा चहूकडे उडाल्या. माणसं तिच्या अंगावर धावली.

"अनवाणी येऊ नका!" तोंडातलं रक्त थुंकत ती किंचाळली. "काचा पायात जातील, ताप लागेल तुम्हाला!"

सगळे जागीच थबकले. आपण जिला मारतोय ती आपल्यालाच जपतेय, हे ध्यानात येताच बाबलचा उगारलेला हात खाली आला.

"माज्या बायलेचा रगात खंय?"

"ह्यातच होतं. ती कशाने गेली ते उद्या कळलं असतं. बाकीच्यांना वाचवता आलं असतं."

"मगे परत काढा," तो म्हणाला आणि पुढच्याच क्षणी मटकन खाली बसला. बायकोला सकाळीच त्याने अग्नी दिला होता.