खुर्चीमागची शाल

मे महिन्याच्या दुपारी नागपुरात बावीस अंश तापमान होतं. सुलभा भोयर यांनी अंगावरची शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि मगच लेकीचा व्हिडिओ कॉल घेतला.

"आई, बाग तोडायचं ठरलं," टास्मानियाहून स्वरूपा म्हणाली. "तिसऱ्या वर्षीही सफरचंद धरलं नाही. झाडांना थंडी मिळाली नाही तर फूलच येत नाही गं."

"पण तिकडे आता हिवाळा लागतोय ना?"

"कसला हिवाळा! तुमच्या डोक्यावरचं ऊन आरसे इकडे फेकतात. तुझा जावई, प्रफुल्ल, गंजीफ्राकवर फिरतोय."

सहा वर्षांपूर्वी, अंतराळातल्या त्या आरशांच्या मंजुरीच्या बैठकीत दक्षिण गोलार्धातल्या देशांच्या प्रतिनिधींनी शंका काढली होती. तेव्हा योजना मांडणाऱ्या सुलभाताईंनी समजावलं होतं, "पृथ्वी कललेली आहे. आमचा उन्हाळा म्हणजे तुमचा हिवाळा. आमचं नकोसं ऊन तुम्हाला हवंच असणार. माझी मुलगीच राहते तिकडे, ती तर दुवा देईल." सभागृह हसलं होतं आणि ठराव मंजूर झाला होता.

"परवा कुणीतरी तुझ्या त्या भाषणाचा व्हिडिओ पाठवला," स्वरूपा म्हणाली. "मला एक फोन करून विचारायचं तरी होतंस."

सुलभाताईंना मान वर करता येईना. गार झालेले हात त्या नकळत एकमेकांवर चोळत राहिल्या.

ते पाहून स्वरूपाच म्हणाली, "शाल घे आई. मला दिसतेय ती, तुझ्या मागे."