स्टाइनारच्या पोरांचा खर्च

या, बसा. आमच्या बेटावरच्या स्टाइनारची गंमत सांगतो. हसू आलं तर दाबू नका.

तर हालदिस तोरूनच्या दारात उभी. बेल वाजवावी की परत फिरावं, तेच ठरेना. हालदिस म्हणजे स्टाइनारची तिसरी बायको, नुकतीच वेगळी झालेली. तोरून दुसरी, ती कधीच सुटली. बेटावर दुकान एकच, त्यामुळं दोघी सारख्या समोरासमोर यायच्या. मान हलवायच्या, हवेचं बोलायच्या, पुढं व्हायच्या. पैशाचं अवाक्षर नाही. आमच्याकडं माणूस एक वेळ नवरा बदलेल, पण दुसऱ्याचे पैसे विचारणार नाही.

पण पोराचे, वेमुंडचे, थंडीचे बूट फाटले होते आणि बाप छदाम देत नव्हता. मागितलं की स्टाइनारचे डोळे भरायचे. "देईन गं, पण आधीच्या पोरांना देऊन हातात उरतं काय? ती तोरून मला सोलून खाते. आणि पोटगीसाठी सरकारी कचेरीत कशाला जायचं? आपण समजूतदार माणसं." हालदिस समजूतदार होतीच. नांदत होती तेव्हाही हेच ऐकून तिनं एका कोटावर सगळे हिवाळे काढले.

शेवटी तिनं बेल दाबली. तोरूननं दार उघडलं.

"पोरासाठी आलेय," हालदिस म्हणाली. "जरा कमी घे त्याच्याकडून. माझ्या वेमुंडलाही बाप आहे."

"कमी घेऊ?" तोरून बघतच राहिली. "अगं बये, मिळतंय कुठं काही? तुझं घर चालवायचंय म्हणून त्यानं माझ्या जुळ्यांना इतक्या वर्षांत साधा पायमोजा घेतला नाही. मला वाटायचं, तू त्या कोटाच्या आत सोनं घालून फिरतेस!"

मग दोघींच्या डोक्यात एकच नाव आलं. ओलाउग. पहिली.

"म्हणजे सगळं थोरली गिळतेय," तोरून म्हणाली, आणि घरातल्या चपला न बदलता तशीच निघाली. दोघी तरातरा चढ चढून गेल्या. मनातल्या मनात शिव्यांची जुळवाजुळव चालली होती.

ओलाउग मासळीच्या कारखान्यातून नुकतीच आलेली. हात लालभडक, अंगाला माशाचा वास. दोघींना दारात बघून बिचारी पार ओशाळली. आत घेतलं, कॉफी ठेवली आणि ह्यांनी तोंड उघडायच्या आत स्वतःच सुरू झाली.

"कळलं मला का आलात ते. या महिन्याचं राहिलंय. कारखान्यात काम कमी आहे गं."

"कसलं राहिलंय?"

"पोरांच्या खर्चाचं. तुमच्या पोरांच्या." ओलाउगनं मान खाली घातली. "स्टाइनार रडला होता माझ्याजवळ. म्हणाला, त्या दोघी मला धुऊन नेतात आणि पोरं मात्र अर्धपोटी झोपतात. म्हटलं, माझ्या लेकीची भावंडंच की ती. तेव्हापासून दर महिन्याला त्याच्या हातात देते. पोचतात ना तुम्हाला?"

तर मंडळी, एकच विनंती. धक्क्यावर स्टाइनार भेटला तर यातलं काही बोलू नका. शुक्रवारी तो ओलाउगकडं राहिलेले पैसे न्यायला येतोय, आणि तिघी मिळून त्याच्यासाठी वाफलची गोड धिरडी करणार आहेत.